खुंट्या उपटणाऱ्या आजी

मागच्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट आहे. मी लँडस्केप आर्किटेक्ट, पुण्यात एका छोट्या ऑफिसात काम करते, आणि आमच्याकडे खडकवासल्याच्या पाण्याकडेनं चालायला आणि सायकलला एक ट्रेल आखायचं काम आलं होतं. चौपाटीवर रविवारी कणीस आणि भजी खायला अर्धं पुणं लोटतं, पण तिथून पुढं पाण्याच्या कडेनं निवांत चालत जायचं म्हटलं तर नीट वाट नाही, माणसं पानशेत रोडच्या कडेनं गाड्या चुकवत चालतात. त्यामुळे हे काम व्हावं असं मला मनापासून वाटत होतं, अजूनही वाटतं.

तलावाला पूर्ण फेरी मारता येणार नाही हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, कारण पलीकडच्या काठाचा मोठा भाग एनडीएच्या, म्हणजे लष्कराच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, हद्दीत आहे. म्हणून आम्ही अलीकडचा काठ धरला. टोटल स्टेशन (जमीन मोजायचं यंत्र) लावून पूर्ण संचय पातळीच्या, म्हणजे धरण भरल्यावर पाणी जिथवर येतं त्याच्या, थोडं वरून लाईन काढली, दर वीस मीटरला लाल रंग दिलेली खुंटी ठोकली. आणि पाण्याच्या बाजूनं सलग रेलिंग. इथे बुडून माणसं जातात, दर उन्हाळ्यात बातमी येते, त्यामुळे रेलिंगबद्दल ऑफिसात कुणाचंच दुमत नव्हतं.

आठवड्यानं परत गेलो तर एका वाडीजवळच्या (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही) एकतीस खुंट्या गायब. आमचे सर्व्हेवाले दादा जाम चिडले, दोन दिवसांचं काम गेलं होतं. थोडं पुढं गेलो तर एका बाभळीखाली सगळ्या खुंट्या नीट रचून ठेवलेल्या, वर दगड ठेवलेला, वाऱ्यानं घरंगळू नयेत म्हणून. शेजारी एक आजी म्हशींवर नजर ठेवून बसलेल्या. मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "म्याच काढल्या. मोडली न्हाय एक बी. मोजून घ्या."

मी त्यांच्याजवळ खाली बसले आणि का काढल्या विचारलं. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की खुंट्यांच्या लाईनीनं कंपाऊंड येणार. मी म्हटलं आजी कंपाऊंड नाही, रेलिंग आहे, लोक पाण्यात पडू नयेत म्हणून. तर त्या म्हणाल्या, "आन म्हशी कुटनं उतरायच्या?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ड्रॉइंगमध्ये पाण्याची कड म्हणजे एक निळी रेघ असते. इथे मे महिन्यात पाणी त्या रेघेच्या बरंच खाली गेलेलं, आणि मधल्या पट्ट्यात गाळपेर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, धरणाचं पाणी ओसरलं की जो गाळाचा पट्टा उघडा पडतो तिथं लोक पीक घेतात, त्याला गाळपेर म्हणतात. आजींच्या तिथं काकडी होती आणि म्हशींसाठी मका. खडकवासला तसं लहान धरण, जेमतेम १.९७ टीएमसीचं, आणि पुण्याला पाणी इथूनच जातं, त्यामुळे वरून पानशेत किंवा वरसगावचं पाणी सोडलं की ऐन उन्हाळ्यातसुद्धा कड वर सरकते. आजी म्हणाल्या, रात्री झोपताना काकडी कोरडी असते आणि सकाळी वेल पाण्यात. म्हणजे ती कड रोज वापरातली जागा आहे, तिथं म्हशी उतरतात, धुणं होतं, भोई लोक जाळी वाळवतात, आणि आम्ही तिला सलग रेलिंग लावायला निघालो होतो.

मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चल माज्यासंगं, वाट दावते."

मी मोबाईलवर जीपीएस ट्रॅक चालू केला आणि त्यांच्या मागं निघाले. पाऊलवाट आमच्या लाईनीच्या बरीच वरून जात होती, वाडीपासून देवळापर्यंत, मग ओढ्यावर दगड टाकलेले तिथून पलीकडं, पुढच्या वाडीच्या शाळेपर्यंत. जिथं ऊन लागेल तिथं ती झाडाखालून वळलेली आणि जिथं पावसाळ्यात चिखल होतो तिथं खडकावरून. आमच्या लाईनीवर दोन छोटे पूल धरले होते, या वाटेवर एकही लागत नव्हता. मी पाणी प्यायला थांबले तर आजी पुढं जाऊन माझी वाट बघत उभ्या.

आणि मग एकदम भिंत आली.

दहा फुटी दगडी भिंत, वर काचा, एका फार्महाऊसची, खाली अगदी गाळापर्यंत गेलेली. वाट सरळ भिंतीत घुसत होती, पलीकडून पुन्हा दिसत असणार. आजी काही न बोलता डावीकडं वळल्या आणि आम्ही भिंतीकडेनं चढून पार डांबरी रोडला गेलो, गाड्यांच्या मधून चाललो आणि पलीकडं पुन्हा उतरलो. ट्रॅकवर बघितलं, पाऊण किलोमीटरचा वळसा. भिंत होऊन चार वर्षं झालीत, पोरं शाळेला रोज अशीच जातात म्हणाल्या. खुंट्या का उपटल्या ते मला तिथं रोडवर उभं राहून कळलं. मला खूप राग आला, त्या भिंतीचा, आणि आम्ही ठोकताना वाडीत कुणाला विचारलंही नव्हतं त्याचाही.

ऑफिसात आल्यावर ट्रॅक ड्रॉइंगवर टाकला आणि गावनकाशा मागवला. गावनकाशात पायमार्ग एका तुटक रेषेनं दाखवतात, रुंदी सव्वाआठ फूट धरतात. गाडीमार्ग असेल तर तुटक रेषा दुहेरी. आजींची वाट तिथं होती. एक तुटक रेषा, बरोब्बर त्या फार्महाऊसच्या गटातून.

माझ्या सरांना कॅनडातला लेक ओंटारिओचा वॉटरफ्रंट ट्रेल फार आवडतो, प्रत्येक पीपीटीत त्याचे फोटो असतात. तो १९९५ ला सुरू झाला आणि आता ग्रेट लेक्सच्या काठानं ३,६०० किलोमीटर झालाय. पण फोटोत जे दिसत नाही ते हे की त्यातला पुष्कळसा भाग नवीन बांधलेलाच नाही, गावोगावचे आधीचेच रस्ते आणि बागा पाट्या लावून जोडल्यात, आणि जिथं काठ खाजगी आहे तिथं ट्रेल साध्या रस्त्यावर येतो. मी सरांना म्हटलं आपणही तेच करू, आजींची वाट धरू, रेलिंग फक्त खोल पाण्याच्या जागी, आणि म्हशींच्या उतारांना हात लावायचा नाही. सर तासभर नकाशा बघत बसले आणि हो म्हणाले.

भिंतीचं मात्र सोपं नाही. वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार कोर्ट ॲक्ट १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांत. इथे चार वर्षं उलटली. वकील मैत्रीण म्हणाली नकाशावरची रेषा हा वेगळा मुद्दा आहे, अर्ज तरी देऊन बघा, आणि अर्ज वाडीच्या लोकांनीच द्यायला हवा.

आजींना हे सगळं बाभळीखाली बसून सांगितलं. त्यांनी सहा महिन्यांचं दोनदा विचारलं. मग म्हणाल्या सोमवारी जाऊ, पण धारा काढून झाल्यावर, आणि गावनकाशाची झेरॉक्स मागून घेतली, घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली.