पीटी सरांचा मीपणा मोजताना

भाची शारीरिक शिक्षणात पीएचडी करायलीय. जूनमध्ये तिनं दोन इंग्रजी प्रश्नावल्या व्हॉट्सअॅपवर पाठवल्या आणि खाली लिहिलं, "मामा, तुम्ही तेवढं मराठी करून द्या की." विषय होता क्रीडाशिक्षकांमधली आत्ममुग्धता, म्हणजे मीपणा, आणि नोकरीतलं समाधान. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत मी 19 वर्षं शिट्टी फुंकतोय. आधी वाटलं, पोरगी थट्टा करायलीय.

पहिली प्रश्नावली 40 जोड्यांची. रस्किन आणि हॉल या दोघांनी 1979 साली ती मांडली, पण आज वापरतात ते रूप रस्किन आणि टेरी यांचं, 1988 चं. प्रत्येक जोडीत दोन वाक्यं, त्यातलं आपल्याला जवळचं निवडायचं. भाचीनं सुरुवातीलाच बजावलं, हा आजार शोधायचा कागद नव्हे. आजार ठरवायचा तर मानसोपचारतज्ज्ञांकडे 9 निकष असतात, त्यातले निदान 5 बसावे लागतात. इथं फक्त स्वभावाची छटा किती गडद एवढंच बघायचं. फॉर्मच्या वर 'आत्ममुग्धता' हा शब्दच नको, असंही ती म्हणाली. बरोबर आहे. 'तुम्ही किती टेंभा मिरवता?' असं वर छापून खाली खरं कोण लिहील?

भाषांतर मी चार रात्रींत उरकलं. मग ते इंग्रजी शिकवणाऱ्या एका सहकाऱ्याला दिलं, मूळ न दाखवता. त्यांनी ते परत इंग्रजीत करायचं आणि मग आम्ही ते मुळाशी ताडून बघायचं, अशी पद्धत. तिथं पहिली ठेच लागली. मी सत्तेला 'अधिकार' लिहिलं होतं, त्यांनी त्याचं इंग्रजीत 'राइट', म्हणजे हक्क, केलं. मराठीत दोन्ही अर्थ एकाच शब्दात बसतात हे इतकी वर्षं बोलून कधी लक्षात आलं नव्हतं.

खरी गंमत तालुक्याच्या स्पर्धांच्या दिवशी झाली. खो-खोचे सामने पावसामुळे थांबलेले, लाल चिखलात खांब पुन्हा रोवायचं काम चाललेलं. मी मंडपात बसलेल्या पाचसहा सरांना कच्चे फॉर्म दिले. नमुना म्हणून नव्हे, वाक्यं कळतात का तेवढं बघायला. एका जोडीतल्या एका वाक्याचा आशय असा होता की, माझ्या वाट्याचं जे आहे ते मिळाल्याशिवाय मी स्वस्थ बसत नाही. चिकोडीकडून बदली होऊन आलेले एक सर पेन थांबवून म्हणाले, "सर, ह्यात परिपत्रक मराठीतनं मिळणं धरायचं काय?"

मी गप्पच झालो. सीमाभागातल्या मराठी माणसाला 'वाट्याचं' म्हटलं की 1956 ची राज्य पुनर्रचना आठवते, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला महाराष्ट्राचा सीमेचा दावा आठवतो. तिथं तो बिचारा जोडीतलं दुसरं वाक्य कशाला निवडेल? आणि हे निवडलं की कागदावर त्याचा मीपणा एका गुणानं वाढला.

दुसरे एक सर चिडलेच. लोकांनी आपल्याकडं बघावं असं वाटतं की गर्दीत मिसळून जावंसं वाटतं, असं काहीतरी विचारलेलं. "अहो, तीनशे पोरं रांगेत उभी करायची म्हणजे बघायलाच पायजे की त्यांनी! गर्दीत मिसळून 'सावधान' कसं म्हणू?" माझा आक्षेप नेमका हाच. आमच्या धंद्यात आवाज चढवणं, पुढं उभं राहणं, हुकूम सोडणं हे काम आहे. गणिताच्या सरांना लागू पडणारं माप आम्हाला जसंच्या तसं लावलं तर शिट्टीचेच गुण मोजले जातील. भाचीनं हे सगळं टिपून घेतलं आणि मार्गदर्शकांशी बोलून ऑगस्टमध्ये तिसरी प्रश्नावली आणली.

ही 2013 ची, जर्मनीतले मित्या बाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. विधानं 18 च, पण मीपणाचे दोन पदर वेगळे केलेले. एक, कौतुक ओढून घेणारा. दुसरा, समोरच्याला खाली पाडणारा. पहिल्या पदराची विधानं मी हसत हसत मराठीत आणली. दुसऱ्याला हात थांबला. गेल्या वर्षी शेजारच्या शाळेतल्या तरुण सरांचा कबड्डीचा संघ जिल्ह्याला गेला. "त्याला तयार पोरं मिळाली, त्याचं काय त्यात?" असं मी चहाच्या टपरीवर, बसमध्ये, एकदा तर त्यांच्याच मुख्याध्यापकांसमोर बोललो होतो. ती पोरं पहाटे साडेपाचला मैदानात असायची हे मला माहीत होतं. मी स्वतः मोटारसायकलवरून जाताना बघितलेलं.

नोकरीच्या समाधानाचा कागद त्या मानानं सोपा. मिनेसोटा विद्यापीठातला, 1967 चा, छोट्या रूपात 20 विधानं आणि प्रत्येकाला 5 पर्याय. पगार, वरिष्ठ, कामाचं कौतुक, हातून काही घडल्याचं समाधान, असं सगळं त्यात येतं. तो मी दोनदा भरून बघितला. एकदा, पावसाचं निमित्त करून माझा तास गणिताला दिला त्या दिवशी. दुसऱ्यांदा, आमच्या मुली तालुक्यात खो-खो जिंकल्या त्या संध्याकाळी, बेळगावहून आणलेला कुंदा खाऊन. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर पगाराच्या विधानालासुद्धा मी एक घर वर गेलो होतो. पगार तोच. कौतुक करणारं कोणी असलं की आम्हाला नोकरी गोड लागते, आणि नसलं की तीच नोकरी हमाली वाटते. निदान माझं तरी असं आहे. म्हणून मी भाचीला सुचवलं, स्पर्धेच्या आठवड्यात फॉर्म वाटू नकोस.

शेवटी स्वच्छ छापलेले फॉर्म आले तेव्हा मी माझाही भरून दिला, अगदी खरा. तो कबड्डीचा प्रसंग मनात ठेवूनच भरला. चार दिवसांनी तिचा फोन आला. "मामा, तुमचा फॉर्म धरता येत नाही. भाषांतर तुम्हीच केलंय न्हवं?"

बरं म्हणून फोन ठेवला. जेवताना काही गोड लागेना. रात्री मीच परत लावला.

"मोजू नको गं, पण बघ की जरा. किती आले?"