परसातला आपटा

रविवार, कोजागरीनंतरचा. बेळगावच्या टिळकवाडीतल्या या घरात आम्ही आलो तेव्हापासून परसातल्या झाडाला आपटाच म्हणत आलो. पान दोन पाळ्यांचे दिसले, एवढ्यावर आमची खात्री पटली होती आणि दर दसऱ्याला त्याच्याच डहाळ्या ओरबाडून आम्ही गल्लीभर सोने वाटले. यंदा घरात सुतक होते, त्यामुळे झाडाला कोणी हात लावला नाही. आता त्याच न तोडलेल्या शेंड्यांवर जांभळट गुलाबी फुले आली आहेत. फुले फांदीच्या टोकालाच येत असल्यामुळे आजवर आम्ही सोन्याबरोबर त्याच्या कळ्याही लुटत होतो, हे मला आज कळले.

आपटा उन्हाळ्याच्या तोंडाला फुलतो, त्याची फुले बारीक आणि फिकट असतात, पानही लहान असते. हे पान तर तळहाताएवढे आहे. म्हणजे हा कांचनाच्या कुळातला, पण त्यांपैकी कोणता? रक्तकांचन वसंतात, बहुधा पाने झडल्यावर बहरतो, त्याच्या रुंद पाकळ्या एकमेकींवर चढलेल्या असतात आणि पुंकेसर पाच असतात. एक फूल खुडून मी खिडकीच्या उजेडात धरले. पाकळ्या अरुंद, एकमेकींपासून सुट्या; लांब, वर वळलेले पुंकेसर तीन; बाकीचे नुसते वांझ धागे. तेव्हा हा देवकांचन, बाउहिनिया पर्प्युरिया. बाऊहिन नावाच्या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ भावांवरून या कुळाला नाव मिळाले.

शेजारच्या कन्नड अज्जींना एवढा खटाटोप करावा लागला नाही. कुंपणावरून पान पाहताच त्या म्हणाल्या, "बसवनपाद!" बैलाच्या खुराचा ठसा त्यांना त्या पानात दिसतो, आणि एकदा ऐकल्यावर मलाही दुसरे काही दिसेना. त्यांच्या घरी दसऱ्याला बन्नीची, म्हणजे शमीची पाने देतात आणि "बन्नी तगोंडु बंगारदांग इरोण", म्हणजे बन्नी घेऊन सोन्यासारखे राहू, असे म्हणतात. इतकी वर्षे मी त्यांच्या हातावर कांचनाचे पान ठेवत होतो आणि त्यांनी ते हसून घेतले, हे आठवून थोडे ओशाळल्यासारखे झाले.

झाडाकडे माझे लक्ष वेधले ते खरे तर फुलपाखरांनी. परतीचा पाऊस उघडल्यावर सकाळी नऊच्या सुमारास हळदीकुंकू येते. पंख मिटून बसले की पिवळ्यावर काळ्या शिरा आणि कडेला कुंकवाचे ठिपके स्पष्ट दिसतात. त्याची अळी बांडगुळावर वाढते, म्हणून कोपऱ्यातल्या आंब्यावरचे बांडगूळ यंदा अर्धेच काढावे, असे मनात आहे.

एक शंका उरली होती. हाँगकाँगच्या ध्वजावर ज्याचे फूल आहे तो संकरित कांचनही याच दिवसांत फुलतो. पण तो वांझ असल्यामुळे त्याला शेंग धरत नाही. संध्याकाळी शिडी लावून पाहिले, तर सर्वांत आधी फुललेल्या झुबक्यात बोटभर लांबीची, चपटी, हिरवी शेंग लोंबत होती.