आमची वाटचाल: कामाला कधीच तोटा नव्हता

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत शेड टाकली की काम मिळतंच. कोल्हापूरकडच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून सकाळी टेम्पो निघाला की दुपारी कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, लेथवर. आमची सुरुवातही जुन्या सेंटर लेथवर, पंपाच्या बेअरिंग हाउसिंगनेच (बेअरिंग ज्यात बसतं ते घर) झाली. पहिलं गिऱ्हाईक मिरजेचे एक पंपवाले. ते चलनावरच पेन्सिलीने दर लिहून खाली सही करायचे आणि पंधरवड्याला चेक द्यायचे. पुढे संगणकावर चालणाऱ्या सीएनसी लेथ आल्या, माणसं वाढली, बोनस वेळेवर गेला. त्या वर्षांबद्दल एवढंच.

सांगायचंय ते एका मोठ्या कारखान्याबद्दल. त्यांचा व्हेंडर कोड, म्हणजे पुरवठादार म्हणून नंबर, मिळाला तेव्हा शेडमध्ये पेढे वाटले गेले. पीओवर (खरेदी ऑर्डरवर) पैसे द्यायची मुदत साठ दिवसांची. पण दिवस मोजायचे ते बिलाच्या तारखेपासून नाही, त्यांच्याकडे जीआरएन (माल स्वीकारल्याची नोंद) पडल्यापासून. इन्स्पेक्शनवाला रजेवर असला की जीआरएन नाही, म्हणजे साठाचे सव्वाशे. जीएसटी मात्र पुढच्या महिन्याच्या २० तारखेला खिशातून भरायचा.

बँकेचं सीसी (कॅश क्रेडिट) खातं वापरणाऱ्यांना पुढचं गणित पाठ असेल. समजा येणी २४ लाख आहेत, त्यातली १४ लाख नव्वद दिवसांच्या वर गेली. बँकेला द्यायच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये ती धरली जात नाहीत. उरले १० लाख, त्यातून २५ टक्के मार्जिन वजा, म्हणजे येण्यांवरची ड्रॉइंग पॉवर (खात्यातून उचलता येणारी रक्कम) साडेसात लाख. वापर त्याच्यावर सलग नव्वद दिवस राहिला तर खातं एनपीए, म्हणजे बुडीतच्या यादीत. ऑर्डर बुक भरलेलं, तिन्ही पाळ्या चालू, आणि पगाराला पैसे नाहीत, ही अवस्था अशी येते. आमचं खातं त्या रेषेला टेकून आलं. तेव्हा मिरजेच्या पंपवाल्यांनी न मागता पुढच्या लॉटचा आगाऊ चेक पाठवला. कोटीच्या ऑर्डरी देणाऱ्या कारखान्याचं अकाउंट्स खातं फोनसुद्धा उचलत नव्हतं.

त्यात डेबिट नोटा, म्हणजे खराब मालाच्या नावाने बिलातून कपात. ब्लो होल (कास्टिंगच्या आतली हवेची पोकळी) दिसतं शेवटच्या कटला, म्हणजे टर्निंगची मजुरी पूर्ण खर्च झाल्यावर. कास्टिंग त्यांचं, फाउंड्री त्यांनी निवडलेली, तरी रिजेक्शन आमच्या नावावर. म्हणून पीओ घेतानाच लिहून घ्या: कास्टिंग रिजेक्शन वेगळं, मशीनिंग रिजेक्शन वेगळं, आणि कास्टिंग खराब निघालं तर जेवढी ऑपरेशन झाली तेवढी मजुरी मिळणार. फोनवरच्या ‘बघू ना’ला काही अर्थ नसतो.

याच काळात पलीकडच्या गल्लीतल्या एकाने पीसमागे सहा रुपये कमी सांगून निम्मं काम नेलं. मशीनचा तास ४०० रुपयांना पडतो असं धरा: हप्ता, वीज, ऑपरेटर, इन्सर्ट (कापणारी टोकं), भाडं सगळं मिळून. एका पीसची सायकल सहा मिनिटं, लोडिंग दीड, म्हणजे तासाला आठ पीस, पीसला ५० रुपये. पण मशीन तासभर अखंड चालत नाही. ८५ टक्के धरलं तर तोच पीस ५९ला पडतो. ५०तून सहा कमी करून ४४ला घेणारा स्वतःचं मशीन खात असतो.

दुसरं, ६३०८ बेअरिंगसाठी हाउसिंगचा बोअर (भोक) ९० एच७, म्हणजे ९०.००० ते ९०.०३५ मिमी. हाउसिंगची भिंत पातळ. चकमध्ये (लेथच्या पकडीत) बोअर गेज गोल दाखवतो, जॉ (पकडीचे जबडे) सोडले की तोच बोअर तीन ठिकाणी फुगतो. रफिंगनंतर ०.३ मिमी ठेवायचं, चकचं प्रेशर उतरवायचं, मग फिनिश कट. सॉफ्ट जॉ (मापाला कापून घेता येणारे मऊ जबडे) रुंद हवेत, आणि त्याच उतरवलेल्या प्रेशरला रिंग धरून बोअर केलेले हवेत. यात पीसमागे अर्धं मिनिट जातं. ते अर्धं मिनिट वाचवणाऱ्याचा माल कारखान्याकडून परत येऊ लागला, हे सांगताना वाईट वाटत नाही.

थकलेल्या बिलांबाबत सूक्ष्म-लघु उद्योगांचा कायदा आपल्या बाजूला आहे, २००६ पासून. लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांच्या वर जात नाही; करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. सरकारी पोर्टलवर वसुलीचा अर्ज टाकता येतो, पण उद्यम नोंदणी माल देण्याआधीची असावी आणि नंबर प्रत्येक बिलावर छापलेला असावा. अडचण वेगळीच: अर्ज टाकला की व्हेंडर कोड बंद पडतो. आम्ही नोटीस पाठवली. मुद्दल आलं, डेबिट नोटा कापून. व्याजाचं नाव नाही. आयकराच्या ४३बी(एच) कलमाने थोडा फरक पडला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल मुदत उलटून मार्चअखेरपर्यंतही दिलं नाही तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, म्हणून मार्चमध्ये आता त्यांचेच फोन येतात. ट्रेड्सवर (बिलावर बँकेकडून आधी पैसे मिळवून देणारा ऑनलाइन मंच) बिल टाकून घ्या, खरेदीदाराने मान्य केलं की बँक डिस्काउंट करते आणि त्याने पुढे पैसे बुडवले तरी आपल्या गळ्याला येत नाही.

त्याच कारखान्याची चौकशी यंदा परत आली. दर ६२, पंचेचाळीस दिवस बिलाच्या तारखेपासून, कास्टिंग रिजेक्शनची मजुरी वेगळी, असं कोटेशन गेलंय. ‘दर मान्य, अटींबद्दल बोलू,’ असं उत्तर आलंय.