तीव्र मध्यम

"आमचे कंडक्टर फ्रान्सला जाऊन आले" म्हटल्यावर आईने फोनवर विचारलं, "कुठल्या डेपोचे?" एसटीचे नाहीत गं, बर्मिंगहॅमच्या आमच्या हौशी क्वायरचे, म्हणजे गायनवृंदाचे!

संगीतकार बेंजामिन ब्रिटनचं 'वॉर रिक्वियम' (युद्धात गेलेल्यांसाठीची समूहगान-रचना) बसवायचं ठरलं आणि या गृहस्थाने आधी ऑर्स गाव गाठलं. या रचनेत ज्याच्या कविता आहेत, तो सैनिक-कवी विल्फ्रेड ओवेन तिथल्या दफनभूमीत आहे. ४ नोव्हेंबर १९१८ ला कालव्यापाशी मारला गेला, वय २५. युद्ध संपायला एक आठवडा उरलेला. घरी तार पोचली ११ तारखेला, युद्ध संपल्याच्या घंटा वाजत असताना.

आज आम्हा सगळ्यांची वरात कॉव्हेंट्रीला. १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळालेलं जुनं कॅथीड्रल, छप्पर गेलेलं, भिंती उभ्या. शेजारी नवं. १९६२ साली त्याच्या उद्घाटनाच्या सोहळ्यात ही रचना पहिल्यांदा गायली गेली. पाऊस भुरभुरत होता, माझी स्वरलिपीची प्रत भिजली. (लायब्ररीची आहे, दंड नक्की.)

सुरुवातीच्या घंटा सी आणि एफ शार्पच्या, म्हणजे आपला सा आणि तीव्र मध्यम. दोन महिने तो म माझा डळमळतोय. लहानपणापासून यमन घोटलेला, गळा आपसूक पंचमाकडे धावतो. इथे पंचम येतच नाही, त्या म वरच लटकायचं.

कंडक्टर त्या उघड्या भिंतींत उभे राहून एवढंच म्हणाले, "तार आली तेव्हाच्या घंटा आठवा." हळू आवाजात म्हणून पाहिलं. लागला.

शेजारच्या आजी तेवढ्यात कानाशी, "तुझ्या त्या आल्याच्या वड्या आहेत का गं अजून?"