टिक वाजलं म्हणजे रिले चांगला, असं कोणी सांगितलं?

जुना बेंच मल्टिमीटर किंवा सिग्नल जनरेटर रिपेअरला घेतला की बरेच जण रेंज बदलून कान लावतात, आतून टिक ऐकू आलं की रिले (कॉइलच्या चुंबकाने चालणारा स्विच) ओके म्हणून मोकळे, आणि मग आयसी बदलत सुटतात. अरे, टिक म्हणजे कॉइलने आर्मेचर (आतली लोखंडी पट्टी) ओढलं, एवढंच. कॉन्टॅक्टमधून (एकमेकांना टेकणाऱ्या धातूच्या टोकांमधून) सिग्नल जातोय की नाही ते त्या आवाजावरून कळत नाही, आणि या मशीन्समध्ये बिघडतो तो बहुतेक वेळा कॉन्टॅक्टच.

सध्या टेबलवर ऐंशीच्या दशकातला साडेपाच अंकी मीटर आहे. ब्रँड मुद्दाम सांगत नाही, एवढ्या वर्षांनी कुठल्याही कंपनीचा रिले कुरकुरणारच. डीसी व्होल्ट एकदम परफेक्ट, पण टू-वायर ओहमला (दोनच वायरींनी रेझिस्टन्स मोजताना) लीड्स शॉर्ट केल्या की आकडा कधी ०.३ तर कधी ४० ओहम, आणि स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने बोर्डावर हलकं टकटक केलं की अजूनच नाचतो. फोर-वायर (करंटला दोन आणि व्होल्टेज मोजायला वेगळ्या दोन वायरी) लावलं की मात्र रीडिंग बरोबर. इथेच अर्धं निदान झालं बघा. मोठ्या व्होल्ट रेंजला इनपुट १० मेगाओहम, त्यात वाटेत ५० ओहम जास्तीचे आले तरी फरक पडतो ०.०००५ टक्के, तो दिसणार कुठे! फोर-वायरमध्ये करंटच्या वाटेतला रेझिस्टन्स मोजलाच जात नाही. म्हणजे कॅलिब्रेशन, एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारं सर्किट) सगळं ठणठणीत, वाटेत कुठेतरी कॉन्टॅक्ट खराब.

तरी लगेच रिले उपटायचा नाही. आधी फ्रंट-रिअर स्विच (पुढचे की मागचे टर्मिनल ते निवडणारा) दहा-वीस वेळा दाबून बघा, तो अगदी असंच नाटक करतो. मग रिलेच्या पायांचे सोल्डर जॉइंट भिंगातून. मग ५ व्होल्टची रेल (सप्लायची लाइन), कारण रिले चालवणारा यूएलएन२००३ सारखा ड्रायव्हर आयसी स्वतःच जवळपास एक व्होल्ट खातो, त्यात कपॅसिटर सुकून रेल ४.६ वर आली असेल तर रिले धड ओढतच नाही आणि शिव्या उगाच रिलेला. हे सगळं ठीक निघालं तरच रिलेच्या पायांवर कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स मोजायचा, तोही कमी करंटने. बेंच सप्लायवरून शंभर-दोनशे मिलीअँपिअर सोडले की वरचा थर फुटतो, रिले दोन दिवस शहाण्यासारखा वागतो आणि पुरावाच गायब.

थर कसला? चांदीवर सल्फाइडचा. मोठा करंट तोडणाऱ्या रिलेत ठिणगीने तो जळून जातो, इथे मायक्रोअँपिअरचा मामला, ठिणगी कुठली पडायला. वर्षानुवर्षं बंद असलेल्या गावच्या घराच्या कडीसारखं, झिजली नाही, बसून बसून धरली. मी काढलेल्या रिलेचं कव्हर ब्लेडने उघडलं, आयपीएत (आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये) बुडवलेली साध्या कागदाची पट्टी कॉन्टॅक्टमध्ये धरून हळूच ओढली, तर कागदावर पेन्सिलने मारावी तशी करडी रेघ. पॉलिश पेपर मात्र चुकूनही घालू नका, सोन्याचा पातळ मुलामा असतो तो एका फटक्यात जातो. आणि ही सफाई खात्री करण्यापुरती, परत लावायचा तो नवीनच.

नवीन म्हणजे पुण्यातल्या तापकीर गल्लीत पटकन मिळणारा निळा १० अँपिअरचा ठोकळा नव्हे! असल्या पॉवर रिलेच्या डेटाशीटमध्ये किमान लोड (कॉन्टॅक्ट खात्रीने चालायला लागणारं कमीत कमी व्होल्टेज आणि करंट) बऱ्याचदा ५ व्होल्टला १०० मिलीअँपिअर असा असतो, चांगल्या सिग्नल रिलेला तोच १० मिलीव्होल्टला १० मायक्रोअँपिअर. जुन्या बोर्डांवर ऍरोमॅट किंवा मात्सुशिता छापलेले डीएस२ई खूप दिसतात, ती सिरीज पुढे पॅनासॉनिकच्या नावाने आली. पण त्याच साइजमध्ये लॅचिंगवाले (एकदा पल्स दिला की त्याच जागी राहणारे) पण येतात, म्हणून पार्ट नंबरमधलं प्रत्येक अक्षर वाचा, कॉइलचा रेझिस्टन्स मोजा, आणि पोलराइज्ड असेल तर प्लस-मायनस उलटं गेलं की रिले हलणारच नाही. लॅचिंगच्या जागी लॅचिंगच हवा. तिथे तो बहुधा मुद्दाम निवडलेला असतो, कॉइल सतत तापत नाही म्हणून थर्मल व्होल्टेज (तापमानाच्या फरकाने सांध्यांवर तयार होणारं नको असलेलं व्होल्टेज) कमी.

सोल्डरिंग झालं की फ्लक्स आयपीएने दोनदा-तीनदा धुवा, विशेषतः पावसाळ्यात. लो व्होल्ट रेंजला इनपुट गिगाओहममध्ये असतो, तिथे दमट फ्लक्सचा डाग सुद्धा रीडिंग सरकवतो.

आणि हो, या काळातल्या बऱ्याच मीटरमध्ये कॅलिब्रेशन डेटा लिथियम सेलवर चालणाऱ्या रॅममध्ये असतो. तेव्हा बोर्ड काढून कंडक्टिव्ह फोमवर किंवा फॉइलवर ठेवू नका, सेल शॉर्ट झाला तर रिलेचे दोनशे रुपये राहिले बाजूला, कॅलिब्रेशनचं बिल येईल.