बेसच्या एका रात्रीला माणसं जमवताना: माझा अनुभव

महिन्यातून एकदा आम्ही बेसवर नाचायची एक रात्र भरवायला लागलो. पहिल्या रात्री अकरा जण आले. त्यातले चार ओळखीचे, म्हणजे खरे सातच. हॉल अडीचशे माणसांचा होता.

आम्ही वाजवतो डबस्टेप. वेग १४० बीपीएम, म्हणजे मिनिटाला १४० ठोके, पण ड्रमची चाल निम्म्याने, त्यामुळे अंगाला ते ७०चं वाटतं. दोन ठोक्यांच्या मध्ये भरपूर मोकळी जागा असते आणि तिथे खोल बेस, म्हणजे अगदी खालचा जाड सूर, येऊन बसतो. हे संगीत भरलेल्या, अंधाऱ्या, लहान खोलीत अंगावर येतं. रिकाम्या मोठ्या हॉलमध्ये ते भिंतींवर आपटून परत येतं आणि नुसता घुमारा उरतो. मी आणि माझी मैत्रीण, आम्ही दोघी रेसिडेंट डीजे, म्हणजे दर वेळी वाजवणाऱ्या घरच्या डीजे. त्या रात्री पहाटेपर्यंत वाजवलं आणि केबल गुंडाळताना एकमेकींशी एक शब्दही बोललो नाही.

तिसऱ्या महिन्यात आम्हाला वाटलं, मोठं नाव हवं. साठवलेले सगळे पैसे घालून बाहेरचा एक नावाजलेला डीजे बोलावला. १६० माणसं आली. आम्ही हरखून गेलो. पुढच्या महिन्यात पंधरा. गर्दी त्याची होती; तो गेला, तीही गेली. जे पंधरा आले त्यांतले बहुतेक पहिल्या रात्रीपासून येत होते आणि त्यांच्याकडे आमचं अजिबात लक्ष नव्हतं, हे माझ्या मनाला फार लागलं.

तेव्हा मी बसून वाचून काढलं, की या गोष्टी मुळात उभ्या कशा राहिल्या. डबस्टेपला घडवणारी लंडनची 'फॉरवर्ड' नावाची रात्र २००१ मध्ये सुरू झाली आणि पुढे 'प्लास्टिक पीपल' या लहानशा, अंधाऱ्या तळघरात रुजली. लंडनमध्येच ब्रिक्स्टनला 'डीएमझेड' ही रात्र २००५ मध्ये सुरू झाली, ४०० माणसांच्या खोलीत. वर्षभराने पहिल्या वाढदिवसाला ६०० जणांची रांग लागली आणि आयत्या वेळी त्याच इमारतीतल्या मोठ्या हॉलमध्ये जावं लागलं. आधी खोली कमी पडली, मग ती मोठी झाली. आम्ही नेमकं उलटं केलं होतं. त्याच्याही कितीतरी आधी, १९७० मध्ये, न्यूयॉर्कला डेव्हिड मॅनक्युसो नावाचा डीजे स्वतःच्या राहत्या जागेत निमंत्रण देऊन लोकांना नाचायला बोलवायचा. ते वाचून माझा जीव थोडा शांत झाला. घरी माणसं बोलवावीत तसं हे करता येतं, असं वाटलं.

आम्ही हॉल सोडला आणि सत्तर माणसांचं तळघर घेतलं. शुक्रवार सोडला, कारण शुक्रवारी हाऊस आणि टेक्नोवाल्यांशी स्पर्धा होती. महिन्याचा पहिला गुरुवार धरला. मालकाची ती रात्र तशीही रिकामी जात होती. ठरलं असं, की दारावरचे पैसे आमचे, बारचे त्यांचे, आणि सहा महिने दोघांनीही कुरकुर करायची नाही. हे सहा महिने मागून घेणं फार महत्त्वाचं होतं. दोन-तीन रात्रींत काहीच कळत नाही.

मग आवाज. आमचा साउंडवाला म्हणाला, "ताई, आधी खोली ऐकू या, गाणी नंतर." त्याने दोन्ही सबवूफर (खोल बेसचे मोठे स्पीकर, आम्ही नुसतं 'सब' म्हणतो) चालू केले आणि ५० हर्ट्झचा एकच सूर लावून ठेवला. मी रिकाम्या फ्लोअरवर हळूहळू चालत गेले. ५० हर्ट्झची लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. ती भिंतींवरून परत येते, कुठे स्वतःलाच भिडून दुप्पट होते, कुठे स्वतःलाच खाऊन टाकते. डीजेच्या टेबलासमोर, ऐन मध्यावर, बेस जवळपास नाहीसा होत होता. दोन पावलं डावीकडे गेले आणि छातीत हात घालून कुणीतरी दाबल्यासारखं झालं. लोक नेमके मध्यावरच उभे राहतात! दोन कोपऱ्यांतले सब उचलून आम्ही एकाच भिंतीला शेजारी-शेजारी ठेवले, टेबल हलवलं, पुन्हा सूर लावला. अर्धा दिवस हेच चाललं. सगळी भोकं बुजली नाहीत, पण मधलं बुजलं. सगळ्यात चांगली जागा सापडली तिथे त्याने जमिनीवर काळ्या टेपची फुली चिकटवली.

पातळीही ठरवून घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये क्लबसारख्या ठिकाणांसाठी सरासरी कमाल १०० डेसिबल अशी मर्यादा सांगितली आहे. आम्ही त्याच्या खालीच राहतो, वरचे तीव्र स्वर दाबून ठेवतो आणि दारात इअरप्लग फुकट देतो. एका मुलीने दुसऱ्या दिवशी कळवलं, "पहिल्यांदाच क्लबमधून आल्यावर कान वाजत नव्हते." ती तेव्हापासून एकही गुरुवार चुकली नाही.

दारावर मी स्वतः उभी राहायला लागले. हातात साधी वही. येणाऱ्याचं नाव विचारायचं, कुणाबरोबर आलात ते विचारायचं, पुढच्या वेळी नावाने हाक मारायची. इन्स्टाग्रामवर पोस्टर टाकत होतोच, पण वहीतल्या माणसाला आठवडाभर आधी स्वतंत्र मेसेज जायचा, सगळ्यांना एकच मजकूर चिकटवून नव्हे. "मागच्या वेळी शेवटच्या तासात तुम्ही समोर होतात, या वेळी तोच तास लांबवतोय," असं. वेळखाऊ आहे. दुसरा रस्ता मला तरी सापडला नाही. एकदा दोन दिवस आधी जागा हातची गेली, तेव्हा वही घेऊन आम्ही दोघींनी एकेकाला फोन केले आणि दुसऱ्या ठिकाणी अठ्ठावन्न जण आले.

नवी माणसं आली ती मात्र दोन अनपेक्षित वाटांनी. एक म्हणजे पॉपिंग करणारी, म्हणजे ठोक्यावर अंगाला झटके देत नाचणारी मुलं. निम्म्या वेगाची चाल त्यांच्या अंगाला बरोब्बर बसते. ती आली आणि भिंतीला टेकून उभे राहणारे लोक पुढे सरकायला लागले. दुसरी वाट म्हणजे स्वतः ट्रॅक बनवणारी पोरं. पहिला तास आम्ही त्यांना देऊन टाकला: पेनड्राइव्ह आणा, तुमचा अपुरा ट्रॅक मोठ्या सिस्टिमवर ऐका.

एक एकोणीस वर्षांचा मुलगा आला. हेडफोनवर बनवलेला ट्रॅक. आमच्या सबवर लागला तेव्हा त्याचा किक (मोठ्या ड्रमचा ठोका) आणि बेस एकमेकांत कालवले गेले, काहीच कळेना. तो फुलीपाशी उभा राहून ऐकत होता, डोळे मिटून, आणि मोबाइलवर काहीतरी टिपून घेत होता. पुढच्या महिन्यात तोच ट्रॅक घेऊन आला. किक आखूड केला होता, बेस त्याच्या मागून उठत होता. बेस दणक्यात आला आणि मागून कुणीतरी भिंतीवर थाप मारली, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनीच. जमैकन साउंड सिस्टिमपासून चालत आलेली रीत आहे, लोकांना गाणं फार आवडलं की डीजेने ते थांबवून पुन्हा पहिल्यापासून लावायचं. मैत्रिणीने ट्रॅक मागे ओढला. तो मुलगा तिथेच उभा राहून रडत होता. पुढच्या वेळी त्याच्याबरोबर नऊ जण होते.

आता बाहेरचे डीजेही येतात, पण आमच्या दोघींच्या मध्ये वाजवतात. सुरुवात आमची, शेवट आमचा. पहिल्या तासात आवाज इतकाच, की शेजारच्याशी बोलता यावं.

परवाच्या गुरुवारी दारावरून जरा आत डोकावले. इअरप्लगवाली ती मुलगी कुणा नवख्या मैत्रिणीचे खांदे धरून तिला गर्दीतून सरकवत होती. टेप कधीच झिजून गेली आहे, जमिनीवर नुसता चिकट डाग उरलाय. तिने मैत्रिणीला बरोबर त्या डागावर उभं केलं, कानाशी जाऊन म्हणाली, "इथून हलू नकोस," आणि स्वतः दोन पावलं मागे झाली.