उपवासकाळाचा तिसरा आठवडा
ईस्टरपूर्वीचा 40 दिवसांचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो; त्या दिवसाचा जोर आजच्यासारख्या दिवशी ओसरलेला असतो. चूक बहुधा एकच: पहिल्याच दिवशी केलेला रोज तासभर प्रार्थनेचा निश्चय. त्यापेक्षा रोज पंधरा मिनिटं, ठरलेल्या वेळी, फोन दुसऱ्या खोलीत. आधी दोन मिनिटं नुसतं गप्प. मग बायबलमधलं स्तोत्र 130, अवघी 8 वचनं, सावकाश. पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्यांपाशी आलात की तिथंच रेंगाळा. शब्द सुचत नसतील तर कालचेच चालतात. अटकेआधी गेथशेमाने बागेत प्रार्थना करताना येशूनंही तिसऱ्या वेळी तेच शब्द उच्चारले (मत्तय 26:44). लूकचं शुभवर्तमान सांगतं, दूतानं येऊन त्याला शक्ती दिली. जो दुःखाचा प्याला टळावा म्हणून तो विनवत होता, तो मात्र टळला नाही, हे वाचताना हमखास निसटतं. एखादा दिवस चुकला? दुसऱ्या दिवशी भरपाई नको, पंधराच मिनिटं. आणि हो, रविवार त्या 40 दिवसांत मोजत नाहीत.